बिनडांबरी वाट

बोनारिया पिरास गावच्या शाळेची बस चालवायची. सकाळी पोरांना खालच्या गावात सोडायचं, बस बुचाच्या झाडाखाली लावायची आणि मोटरसायकलवर टांग टाकून डोंगरात पसार व्हायचं, हा तिचा नेम. पन्नाशी उलटली तरी तो मोडला नव्हता.

दर वसंतात गावातली मोटरसायकलवाली मंडळी पाहुण्यांना घेऊन समुद्राकाठून निघत आणि रानवाटांनी डोंगरमाथा गाठत. पाहुणे थेट जेनोव्हाहून जहाजात गाड्या चढवून सार्डिनिया बेटावर येत. वाटेचा बेत आखायचं काम तिचा मावसभाऊ गेसुइनो याच्याकडे होतं. तो बारमध्ये बसून बेत आखायचा, त्यामुळे मध्ये मध्ये डांबरी सडक लागायची. एकदा एक पाहुणा माथ्यावर सहज बोलून गेला, "वाट झकास आहे हो, पण मध्येच बायकोला घेऊन बाजाराला निघाल्यासारखं वाटतं." सगळे खो खो हसले. बोनारियाच्या मात्र ते जिव्हारी लागलं. आपला डोंगर, आणि त्याला कुणी हसावं?

"यंदा बेत मी आखणार," तिने बारमध्ये जाहीर केलं. "समुद्रापासून माथ्यापर्यंत चाकाला डांबर लागलं, तर मला बोनारिया म्हणू नका."

"मग काय म्हणायचं? बसवाली?" गेसुइनो म्हणाला.

"ते तर आत्ताही म्हणताच की!"

सगळा हिवाळा तिने रानात घालवला. कोळसा पाडणाऱ्यांच्या बुजलेल्या वाटा शोधल्या, कोरड्या ओढ्यात गाडी घातली, बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या धरून कड्यापर्यंत जाऊन हात हलवत परतली. एकदा काटेरी जाळीत आपटली आणि तोंडभर ओरखडे घेऊन बसवर हजर झाली.

"मांजराने ओरबाडलं?" पोरांनी विचारलं.

"डोंगराने," ती म्हणाली. "चला, बसा खाली."

शेवटी सगळी वाट जुळली. एक तुकडा तेवढा राहिला. तो बाकिसकाकाच्या कुरणातून जायचा. बाकिसकाका म्हणजे म्हातारा मेंढपाळ. मनात येईल ते बोलायचा आणि बोलेल ते करायचा. त्याच्या कुरणाला वळसा घालायचा तर सडकेवाचून गत्यंतर नव्हतं.

बोनारिया गेली तेव्हा तो चीज वळत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"मागल्या साली असेच कुणी गाडीवाले आले. फाटक उघडं टाकून गेले. कळप पांगला, गाभण मेंढी दरीत गेली. कुणी मागे वळून बघितलं का? नाव काढू नकोस."

"ते आमचे नव्हते, काका."

"मेंढीला काय सांगू? आमचे नव्हते म्हणून?"

बोनारियाने फाटकाकडे बघितलं. मग म्हणाली, "फाटकाशी माणूस ठेवला तर?"

"कोण? गेसुइनो? तो फाटकाला टेकून घोरेल."

"मी बसते. शेवटची गाडी जाईपर्यंत."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "आणि तुझी गाडी?"

"राहील उभी."

गेसुइनोला कळलं तेव्हा तो उसळलाच. "डोकं फिरलंय का तुझं? वाट तू शोधलीस आणि पुढे मिरवू मी?"

"वाट पुरी होणं महत्त्वाचं. आणि मिरवणं तुला जमतं," ती म्हणाली. पण घरी आल्यावर तिने उभीच राहणारी गाडी लख्ख पुसली.

ठरल्या दिवशी ती उजाडताच फाटकाशी उभी राहिली. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. धुळीने केस पांढरे झाले. बाकिसकाका ओकच्या झाडाखाली बसून बघत होता. मेंढ्या निवांत चरत होत्या.

दुपारच्या सुमाराला एक पाहुणा थांबला, हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाला, "बाई, काय वाट आहे हो! समुद्र सोडल्यापासून डांबर पाहिलं नाही. कोण ती बोनारिया? तिला भेटायचंय मला."

"पुढे गेलीये," बोनारिया म्हणाली. "उशीर करू नका, मागून गाड्या येतायत."

तो गेला. म्हातारा काठी टेकत उठला. "खोटं का बोललीस गं?"

"गप्पा मारत थांबला असता. मागे रांग लागली असती, तुमची मेंढरं बुजली असती."

बाकिसकाकाने तिच्या हातातून फाटकाची साखळी काढून घेतली. "नीघ."

"शब्द दिलाय मी, काका."

"मला दिलास ना? हा घे परत. फाटक माझं, मेंढरं माझी, मी बघतो. नीघ म्हणतो ना!"

तिने गाडीला किक मारली. रानगुलाबाच्या झुडपांतून, दगडांच्या चढावरून ती अशी सुटली की मागे रेंगाळलेल्यांना धूळच दिसली. माथ्यावर गेसुइनोने तिला लांबून ओळखलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "आली रे! आली आमची बोनारिया!" गवतावर पसरलेली मंडळी उठून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हॉर्न. तिने हेल्मेट काढलं, कुणीतरी पुढे केलेला वाइनचा पेला घेतला आणि खाली बघितलं. खाली समुद्र होता. तिथून इथपर्यंतचं वळणन् वळण तिला पाठ होतं.

उतरताना ती फाटकाशी थांबली. म्हातारा तिथेच होता, साखळी मनगटाला गुंडाळून.

"माझी सगळी आत आहेत," तो म्हणाला. "तुझी पोचली?"

"पोचली सगळी."

"मग ये. चीज कापतो. आणि पुढल्या साली वरच्या कुरणातून ने त्यांना. तिथून मोठा समुद्र दिसतो. हे काय, हे तर काहीच नाही!"