डोळे मिटून केलेली राखण

ईस्टरला आमच्या घाटंजीच्या घरी बायकोच्या मोठ्या भावाने प्रार्थना केली आणि मी मध्येच हसलो. दादा राळेगावच्या चर्चमध्ये पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी आहेत. त्यांच्या प्रार्थनेत देवाला जिल्ह्याची सगळी खबर मिळते. मी नुसता गालात हसलो होतो आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. दादांचे मात्र उघडे होते. ते न जेवता गेले आणि पुढे कित्येक महिने फिरकले नाहीत.

परवा ते जेवायला येणार होते, तेव्हा सकाळीच बायकोने बजावलं, "आज तोंड सांभाळजा."

"मागच्या वेळीही मी काही बोललो नव्हतो."

"तुमचं मनातल्या मनात चालू राह्यते, अन् थे तोंडावर दिसते. दादा पुन्हा उठून गेला, तर मले माहेर राह्यलं नाही."

मोहापासून मन राखावं, यावर मी चर्चच्या तरुण संघात उपदेश दिलेला आहे. त्यात दारू, पैसा असे भारदस्त मोह घेतले होते. माझा स्वतःचा मोह टोमण्याचा, तो सांगायचा राहिला.

जेवणाआधी दादांनी प्रार्थनेला सुरुवात केली. "हे प्रभू, तू या रोडचे खड्डे पाहून राह्यला..." बांधकाम खात्याला अजून दिसले नाहीत, असं मनात आलंच. ते दाबलं. दादा कापसाच्या भावावर गेले. दुसरं वाक्य आलं, तेही दाबलं. हळूहळू मन चक्क मोकळं झालं. एकही टोमणा नाही! हे रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष देताना नम्रपणे कसं सांगावं, याची वाक्यं मी जुळवू लागलो. छान जुळत होती.

अचानक शांतता झाली. मी एक डोळा किलकिला केला. दादा रुमाल शोधत होते, बायको रडत होती.

"जावईबुवा, पुढचं तुम्ही करा."

कशाच्या पुढचं? सर्वांवर, सर्वत्र, सर्व प्रकारे, अशी गोलमोल प्रार्थना मला सहज जमली असती. दादांची नक्कल मी उत्तम करतो. तोंड उघडलंही. मग बायकोकडे लक्ष गेलं.

"दादा, माझं ध्यान नव्हतं. काय झालं?"

दादांनी नाक पुसलं. "देवाले सांगून झालं. आता तुम्हाले वेगळं सांगा लागते?" मग गळ्याला हात लावला. "गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. आवाज राह्यते का जाते, डॉक्टर सांगत नाही."

मला एकही चांगलं वाक्य सुचेना. "प्रभू, दादांचा आवाज राहू दे," एवढंच म्हणालो. आणि घाबरून पुढे जोडलं, "प्रार्थनाही आहे तेवढीच लांब राहू दे."

बायकोने झटकन माझं तोंड तपासलं. हसू दादांना फुटलं होतं. "आमेन," ते म्हणाले आणि पानावर बसले.