शून्य तास चाललेली बोट

आमच्या कार्यालयात पुरासाठी बोट आली तेव्हा तिचं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं, कारण अख्ख्या कार्यालयात पोहता येणारा मी एकटाच. साहेबांच्या कानावर ही गोष्ट कोणी घातली, याचा शोध मी अजून घेतो आहे. सरकारी नोकरीत माणसाच्या अंगात गुण असायला हरकत नाही, फक्त ते दिसू देऊ नयेत.

आमच्याकडे उन्हाळ्यात हंड्याला पाणी नसतं आणि भाद्रपदात ते पुलावरून वाहतं. माझी थोरली बहीण कयाधू नदीच्या पल्याडच्या गावात दिली आहे. मधला पूल बुटका, थोडं पाणी चढलं की गाव तुटतं. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दाजींचं, मंगळवारी आणि शुक्रवारी हिंगोलीला डायलिसिस असतं. आदल्या पावसाळ्यात त्यांची एक खेप चुकली होती. पाणी उतरल्यावर त्यांना आणलं तेव्हा सुजेनं डोळे उघडत नव्हते. त्यामुळे बोट आल्याचं कळताच अक्काचा फोन आला.

"बोट तुझ्याच हातात हाय म्हण की! मंग आता मी काहून भिऊ?"

"बिलकुल भिऊ नको," मी म्हणालो. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मे महिन्यात बोटीचं लोकार्पण ठरलं. नदी कोरडी, म्हणून ते कार्यालयाच्या आवारातच झालं. बोट ट्रॉलीवर, तिला झेंडूचे हार आणि हळदीकुंकू. गावातले एक पुढारी नारळ फोडायला आले. गाडीचा नारळ चाकापुढच्या दगडावर फोडतात हे सगळ्यांना ठाऊक, पण बोटीचा कुठं फोडायचा यावर जाणकारांत मतभेद झाले. शेवटी पुढाऱ्यांनी तो बोटीच्या तोंडावरच आपटला. बोट रबराची. नारळ उसळून त्यांच्याच छातीवर आला. जमलेले लोक हसू दाबून राहिले.

मग "कडक जागा पाहा, कडक जागा" असा पुकारा झाला आणि मागच्या इंजिनाचा पंखा कुणाच्या तरी डोळ्यांत भरला. तीन पात्यांचा, वर उचललेला, चकचकीत. पात्यावर नारळ ठेवून पुढाऱ्यांनी वरून दगड हाणला. दगड निसटला आणि एका पात्याचा चांगला तीन बोटं तुकडा पडला. नारळ शाबूत राहिला. "शुभ झालं!" असं कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मी रजिस्टर घेऊन शेजारीच उभा होतो. मीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केलं पाहिजे.

नवीन पंखा मागवायचा तर मोडण्याचं कारण लिहावं लागतं. साहेब म्हणाले, नारळाचा उल्लेख टाळा. मी लिहिलं, 'पाण्यातील खडकास धडकून पाते तुटले.' महिन्याभरानं वरून प्रश्न आला: बोट पाण्यात किती तास चालली, रजिस्टरची नक्कल जोडा. रजिस्टरमध्ये शून्य. ती नक्कल जोडली, तर पुढचा प्रश्न हजर: शून्य तास चाललेली बोट खडकाला धडकली कशी? प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर म्हणून आम्ही फाईल दुसऱ्या विभागाकडे पाठवली.

आषाढ गेला, श्रावण लागला. अक्काचा फोन आला की मी "काम चालू आहे" म्हणायचो. दहा-बारा वर्षं लोकांना सांगून सांगून घासलेलं ते वाक्य स्वतःच्या बहिणीला सांगताना मला लाज वाटायची. शेवटी एका रविवारी मी पंखा काढला, पिशवीत घातला आणि लेथवाल्याकडे गेलो. हा माणूस विहिरीवरच्या मोटारी आणि रोटाव्हेटर दुरुस्त करतो. बोट त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"ह्ये असं कशानं तुटलं?"

"नारळानं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि तो कामाला लागला. तुटक्या जागी अॅल्युमिनियमचा भराव केला. चांगल्या पात्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापून तो या पात्याला लावत लावत कानस चालवली. मग पंख्यात सळई घालून ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि पंखा बोटानं फिरवला. जड पातं दर वेळी खाली येऊन थांबे. तो तेवढंच घासी, पुन्हा फिरवी. संध्याकाळी पंखा कुठंही थांबू लागला.

"आता बराबर झाला," तो म्हणाला. "दुरुस्तीचा कागद बनवू का?"

मी नको म्हणालो. तीच चूक झाली.

भाद्रपदात दोन दिवस पावसाची धार तुटली नाही. पूल बुडाला तो सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी अक्का फोनवर नुसती रडत होती. दाजींना श्वास लागत होता. मी साहेबांकडे धावलो.

"बोट कागदावर नादुरुस्त आहे," साहेब म्हणाले. "दुरुस्त झाल्याचं पत्र कुठं आहे? नादुरुस्त बोट पाण्यात कशी उतरवणार?"

"सर, पंखा बसवलाय. चालतो."

"कोणाच्या परवानगीनं?"

एवढा राग मला नोकरीत कधी आला नव्हता. तिथंच कागद ओढला आणि लिहिलं: पाते नारळ फोडताना दगड लागून तुटले, खडक नव्हता, दुरुस्ती मी केली, बोट मी नेतो, जबाबदारी माझी. सही ठोकली. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घाईघाईनं खणात टाकला. त्या कागदापेक्षा बोट गेलेली त्यांना परवडली.

धरणावर मासे धरणारा एकजण बोट चालवायला आला. इंजिनानं दोनदा खोकून आवाज धरला. मधल्या धारेत बोट तिरपी झाली तेव्हा मी पोहणं साफ विसरलो होतो. पण पंखा पाणी कापत राहिला. दाजींना उचलून बोटीत घेतलं, अक्का त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली, पंखा नारळापायी कसा मोडला ते मी वाटेत दोघांना सांगितलं, आणि आम्ही अल्याड आलो.

काठावर जीप उभी होती. आणि पुढारीही उभे होते. बोटीची पहिली फेरी यशस्वी झाली म्हणून हातात नारळ, शेजारी फोटोवाला. ते हसत थेट इंजिनाकडं निघाले.

दाजींनी हात पुढं केला. "इकडं द्या तो."

पुढाऱ्यांना वाटलं, पेशंट भाविक आहे. त्यांनी नारळ दिला. दाजींनी तो दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला आणि दम खात म्हणाले,

"डॉक्टरनं मला नारळाचं पाणी बंद केलंय, मी काई फोडत न्हाई. पण ह्यो माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या साहेब. शुक्रवारी मला परत यायचं हाय."

पुढारी मोठ्यानं हसले. दाजी हसत नव्हते.