दहावीची वही

आमच्या गावातल्या शाळेत दहावीच्या निरोपाला एक प्रथा आहे. बाई जाड वही उघडतात, एकेकाला उभं करून विचारतात, "पुढं कोण होणार?" आणि उत्तर नावासमोर लिहून ठेवतात. मी 'कारकून' म्हणालो होतो. बाईंनी शेजारी 'आधी पदवी' असं लिहिलं. आमच्या घरात पहिली पदवी आली ती त्या दोन शब्दांमुळे.

यंदा मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सीमेवर लढाई सुरू आहे, तरी मुलं उभी राहून 'होणार, होणार' म्हणत होती. एरवी किती साधा शब्द! पण अशा दिवसांत तो उच्चारायलाही धीर लागत असेल, असं वाटून गेलं.

बबन म्हणाला, "फौजेत जाणार."

मग स्वाती उठली. तिचे पप्पा सीमेवर आहेत आणि अकरा दिवस त्यांचा फोन नाही. "बाई, पप्पांचा फोन येऊ दे, मग सांगते," एवढंच ती बोलली.

बबन पुन्हा उभा राहिला. "बाई, माझं खोडा. मी मोबाइलचे टॉवर बसवणार. पार तिकडं, डोंगरावर."

"बबन्या, शाळेच्या भिंतीवर चढून रडला होतास तू," स्वाती म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी 'फौज' खोडून ठळक अक्षरांत 'टॉवर' लिहिलं. पुढे कार्यक्रम संपला, मुलं पांगली, तरी स्वातीच्या नावासमोरची जागा कोरी होती, आणि त्यांनी वही मिटली नव्हती.