सील केलेला मॉनिटर

ती घटना आठवली की आजही पहिला राग येतो तो स्वतःचाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर जिल्ह्यात, बेलापूरकडच्या एका पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. बंदोबस्त, पंचनामे आणि बांधावरची भांडणं यांतच माणूस शिणून जायचा. त्यात जवळच्या एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस तक्रार घेऊन आले. त्यांच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरून, इंटरनेटने, पन्नास प्रतिष्ठित माणसांना गलिच्छ मजकुराची पत्रं गेली होती. खाली नाव टायपिस्ट मुलीचं. "तिच्याशिवाय त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही," ते म्हणाले. खबर पक्की, आरोपी तयार. मला आणखी काय हवं होतं?

दोन पंच घेऊन गेलो, पंचनामा केला आणि कॉम्प्युटर जप्त केला. म्हणजे टीव्हीसारखा दिसणारा मॉनिटर कापडात बांधला, लाखेचं सील मारलं आणि मुद्देमाल खोलीत ठेवला. टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहून हवालदार म्हणाला, "सायेब, त्यो इजेचा डबा हाय. ऱ्हाऊ द्या." मीही मान डोलावली.

मुलीला चार दिवस जीप पाठवून ठाण्यात आणलं. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, हे मला पाठ होतं. तरी बोलावलं. ती एकच सांगे, "साहेब, मी पत्रं पाठवलीच नाहीत." सराईत माणूस रोज नवी गोष्ट रचतो, हिची बदलत नव्हती. तेव्हाच कळायला हवं होतं. तिची आई, शेतमजुरी करणारी बाई, दिवसभर बाकावर बसून असायची. "माजी लेक कुनाला शिवी बी दीत न्हाई, सायेब. आन आसलं लिवंल व्हय?" तिकडे चिटणिसांनी मुलीला कामावरून काढायचा ठराव लिहायला घेतला होता.

चौथ्या दिवशी त्यांचाच फोन. दुपारी बाराला तसलीच पत्रं पुन्हा गेली! संस्थेच्या शाळेतला दुसरा मॉनिटर आणून त्यांनी टेबलाखालच्या त्या डब्याला जोडला होता. मुलीच्या जागी बसलेल्या कारकुनाने मुलीच्या नावे बाहेरून आलेली एक फाईल उघडली, आणि झालं. बाराला मुलगी तर माझ्यासमोर बसली होती. स्टेशन डायरीत तशी नोंद होती.

मग नगरहून कॉम्प्युटर शिकवणारे एक मास्तर आणले. त्यांनी आधी इंटरनेटसाठी जोडलेली टेलिफोनची वायर काढली. "साहेब, हा व्हायरस आहे. ही फाईल उघडली की तो आपणहून कॉम्प्युटरमधल्या पत्त्यांच्या यादीतल्या पन्नास जणांना पत्रं धाडतो. नाव मात्र आपलं लागतं." फ्लॉपी घालून तासाभरात त्यांनी तो शोधून पुसून टाकला, मशीन पुन्हा तपासलं, आणि पत्रं गेलेल्यांना 'फाईल उघडू नका' म्हणून फोन करायला लावले. आमचा सीलबंद मॉनिटर पाहून ते हसले. आमचा गाढवपणाच त्या मुलीच्या उपयोगी पडला. खरा कॉम्प्युटर म्हणजे तो टेबलाखालचा डबा. तो जप्त झाला असता, तर गप्प पडून राहिला असता आणि मी तिला कोर्टात उभं केलं असतं.

ठराव फाडला गेला, नोकरी राहिली. मी म्हटलं, "जा पोरी, सुटलीस." ती उठली नाही.

"चार दिवस जीपमधून आणलंत, साहेब. आज जीपमधूनच सोडा, आणि गल्लीत सगळ्यांना सांगा."

गेलो. लोक जमले. हिचा काही गुन्हा नाही, दोष मशीनचा होता, असं मोठ्याने सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारी तेवढी पुढे आली.

"मशीनचा दोस हुता, तर पोरीला चार दिस कशापायी नेलं?"

गोष्ट कळली नाही की आपण हाताशी सापडलेलं माणूस धरतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पण ते म्हातारीला सांगायची हिंमत झाली नाही. जीपमध्ये जाऊन बसलो.