मोसमकाठच्या टाचण्यांचे पंख

सटाण्याला एसटी बरीच रिकामी झाली, तेव्हा कुठे मांडीवरचा डबा मी शेजारच्या सीटवर ठेवला. नागपूरहून नाशिकपर्यंत रेल्वेत आणि तिथून पुढे या गाडीत तो मी हातातून सोडला नव्हता. डब्यात कापसात गुंडाळलेला दगड होता आणि दगडावर एका किड्याच्या पंखाचा ठसा. नखाएवढा, पण शीर न् शीर दिसणारा. लाव्हाचा एक थर निवून दुसरा येईपर्यंत विदर्भात कुठेतरी तळं साचलं होतं, त्याच्या गाळात हा पंख दगड होऊन राहिला.

पंख टाचणीचा आहे, म्हणजे चतुराच्या नाजूक बहिणीचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पण कोणत्या कुळातली टाचणी, यावर माझं आणि माझ्या मार्गदर्शकांचं जमेना. ते लांबी बघून कूळ सांगत. मी म्हणत होते, लांबी राहू द्या, घडण मोजू या. शिरा जिथे एकमेकींना मिळतात त्या जागा टिपायच्या आणि आजच्या, नावानिशी ओळखलेल्या टाचण्यांशी ताडून पाहायच्या. त्यासाठी पुष्कळ पंख हवे होते. नाशिकच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या अहिरे सरांनी मोसम नदीकाठी आयुष्यभर टाचण्या जमवल्या होत्या, असं कळलं, म्हणून मी नामपूरला निघाले होते. इथे काही मिळालं नाही तर प्रबंधात मार्गदर्शकांचंच म्हणणं लिहावं लागणार होतं.

कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता पार अडवलेला. शेवटी उतरून चालत गेले. दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या.

"ये वं माय, बस. दूरथीन उनी तू." (ये गं बाई, बस. लांबून आलीस.)

कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा झाल्यावर सरांनी माळ्यावरून पत्र्याचे डबे काढले. मोतीबिंदू झाल्यापासून ते उघडलेलेच नव्हते. आत कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या तिकोनी पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं टाचणीचं नाव. सरांनी पहिली पुडी उलगडली. तपकिरी भुकटी सांडली. दुसरीतही तेच. तिसरी न उघडताच ते खाली बसले.

"कीड लागली गं. सगळं गेलं. तू उगाच एवढ्या लांब आलीस."

काकू पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. हाताला चाळा म्हणून मी एक पुडी पांढऱ्या बशीत पालथी केली. भुकटीवर हलकी फुंकर मारली, तर खाली चारही पंख अखंड, कोरे करकरीत चमकत होते. दुसऱ्या पुडीतही चार. किड्यांनी अंग खाल्लं होतं, पंखांना तोंडही लावलं नव्हतं.

"सर, मला एवढंच हवंय!" मी जवळजवळ ओरडलेच. "माझ्या दगडातल्या टाचणीचंसुद्धा एवढंच उरलंय."

सरांनी बशी डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "ही मोसमच्या पुलाखालची. मला वाटतं, आठवतेय मला."

मोजण्याची सोय सरांच्या लेकीनं केली. वैशाली नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मालाची तपासणी करायची. तिथलं यंत्र लहानशा पिनेची सावली पडद्यावर मोठी करून दाखवतं आणि प्रत्येक जागेचं माप देतं. सर हट्टानं बरोबर आले. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी यंत्र मोकळं करून दिलं.

काचांमध्ये ठेवलेला पंख पडद्यावर उमटला, तेव्हा डबे उघडून जेवायला बसलेले कामगार उष्टे हात तसेच धरून उठून आले. शिरांचं एवढं मोठं जाळं! "आमच्या ड्रॉइंगपेक्षा अवघड हाय हे," एक जण म्हणाला.

तेवढ्यात उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा लावला आणि काचेत ठेवायचा पुढचा पंख उडाला. लोखंडाच्या किसात आम्ही सगळे गुडघ्यांवर. सर तर कासावीस झाले.

"हलू नका, बाबा," वैशाली म्हणाली. पंख त्यांच्याच बाहीला चिकटला होता.

शेवटी दगडातून उजेड जात नाही, म्हणून त्याच्यावर वरून दिवा टाकून त्याचीही मापं घेतली.

परतीच्या गाडीत नुसते आकडे होते माझ्याकडे, तरी घरच्यांची ख्यालीखुशाली घेऊन निघाल्यासारखं वाटत होतं. नागपूरला हिशेब झाला. माझी टाचणी मार्गदर्शकांनी सांगितलेल्या कुळापासून लांब पडली. मी धरलेल्या कुळाच्या जवळ आली, पण आत नाही, उंबऱ्याशी. मार्गदर्शकांनी आलेख दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मग तसंच लिही. उंबऱ्याशी म्हणूनच." अर्धवट उत्तराचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

सरांना फोन केला.

"म्हणजे आमच्या मोसमवाल्यांची नातलग?"

"लांबची, सर. फारच लांबची."

ते हसले. "डबे धुऊन उन्हात घातले. डांबरगोळ्या आणल्या. काल पुलाखाली जाऊन आलो. मला नीट दिसत नाही, म्हणून मी नुसतं सांगतो आणि जाळं ही धरते." आतून काकू काहीतरी म्हणाल्या. सरांनी ऐकलं आणि मला सांगितलं, "ती म्हणतेय, पुढच्या वेळी येशील तेव्हा तूही चल. मी फार बोलतो, टाचण्या उडून जातात."