छताचं कापड उसवताना

संजयचा फोन आला तेव्हा मी अंगणात, गाडीच्या छताचं आतलं कापड मांडीवर घेऊन शिवण उसवत बसले होते. अक्कांना सकाळीच जालन्याला दवाखान्यात नेलं होतं. जाता जाता त्यांनी मला बजावलं होतं, "सुमन, फाडू नको, टाके काढ. त्याच्यावरून नवं बेतायचंय." फोनवर संजय म्हणाला, "आई, आत्या गेली..." मी हं म्हटलं आणि पुढचा टाका काढला. मग त्याच्या पुढचा. कापड उसवून होत नाही तोवर अक्का कुठं जात नाहीत, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं माझ्या.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. हसनाबादच्या शाळेत शिकवण्यात जन्म काढला, लग्न केलं नाही. माझे मालक गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो, आणि गोठ्यात ताडपत्रीखाली मामंजींची जुनी अँबॅसेडर. त्या गाडीची नि माझी पहिली भेट सांगण्यासारखी आहे. वाटूरहून नवी नवरी निघाले. दार उघडलं तर आत गालिचा. एवढ्या चांगल्या गालिच्यावर चपला घालून जायचं कसं, म्हणून या शहाणीनं चपला रस्त्यावर काढल्या, जोडीनं नीट लावल्या आणि आत जाऊन बसली. गाडी निघाली, चपला वाटूरलाच. वर रस्ताभर ही ठोंबी मनात म्हणतेय, काय वळणाची सून मिळाली यांना! दुसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं, "चपला कुठंयत गं तुझ्या?" सांगितलं तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसल्या, स्वतःची जोडी मला दिली, आणि शेवटपर्यंत कुणाजवळ बोलल्या नाहीत. आता मीच बोलतेय.

अक्कांना त्या गाडीत नुसतं बसायचं नव्हतं, चालवायची होती. मामंजी म्हणायचे, "पोरीच्या हाती चाक दिलं तर गाव हसंल." मामंजी गेले, गाडी बंद पडली, इच्छा मात्र चालू राहिली. संजय माझा मुलगा, एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये असतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आत्या, गंजून चालली ही. आमच्याच भट्टीत वितळवू, सळया तरी होतील."

"मंग मलाबी टाक तिच्यातच," अक्का म्हणाल्या. "एकदा मी स्वतः दाराबाहेर काढणार हाये तिला. त्याच्याआधी न्हाई."

"बरं, दिवाळीपर्यंत बघतो. मंग टेम्पो आणतो."

भोकरदनच्या मिस्त्रीनं सांगितलं की आधी आतलं सगळं काढा, पत्रा उघडा करा, मग इंजिनाचं बघू. आम्हाला ते गोधडी उसवण्यासारखंच वाटलं. जो थर शेवटी लावला तो आधी काढायचा. बैठका, मग गालिचा, मग दारांचे आतले पुठ्ठे. जागा ओळखू यावी म्हणून अक्कांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या केल्या. दाराचे स्क्रू हिरव्या चिंधीत, बैठकीचे पिवळ्या. खाली चिंचोके निघाले, शेंगांची टरफलं निघाली, कुणाचा तरी केसाचा आकडा. "तुझाच असंल," अक्का म्हणाल्या. "चपला सोडून बाकी समदं आत आणलं होतं तू."

छताचं कापड सोडून सगळं काढल्यावर गाडी रिकाम्या पिंपासारखी झाली. दुपारी आम्ही तिच्यात सतरंजी टाकून चहा प्यायचो. गोठ्याच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके काचांतून आत यायचे, आमच्या हातांवरून हळूहळू सरकायचे... अक्का स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून म्हणायच्या, "अजिंठ्याचा घाट लागला बघ." मी म्हणायचे, "अक्का, जरा दमानं, पुढं बकऱ्या हायेत." गोठा जाग्यावर असायचा, आम्ही मात्र फार लांब गेलेलो असायचो.

पुढच्या बैठकीतला काथ्या सडला होता. मी म्हटलं, घरचा कापूस असताना काथ्या कशाला? गादीवाल्याला सांगितलं, हात आखडू नको. त्यानंही आखडला नाही. बैठक बसवली, अक्का वर चढल्या, आणि एवढीशी बाई, पण डोकं थेट छताला. "सुमन, ही गाडीय का लेकीच्या रुखवताची गादी?" हसून हसून त्यांना धाप लागली. तेव्हा मला ती हसण्याचीच धाप वाटली होती. कापूस कमी करून बैठक बसती केली. आता छताचं कापड तेवढं राहिलं होतं.

अक्कांचा चौदावा झाला, दिवाळीही येऊन गेली. एके सकाळी दारात टेम्पो. संजय दोर घेऊन आत आला.

"भट्टीला का?" मी विचारलं.

तो खाली बसून चाकांतली हवा बघत राहिला. "न्हाई. भोकरदनला, मिस्त्रीकडं. टेम्पोच्या मागं बांधून नेतो. दिवाळीच्या आधीच सांगून आल्तो त्याला." मग उठून म्हणाला, "आई, मी मागून ढकलतो. दारापर्यंत चाक कुणीतरी धराया पाहिजे."

मला सायकलसुद्धा येत नाही. तरी दार उघडून आत गेले. बसले तर गुडघे थाडकन चाकाखाली अडकले. अक्का बुटक्या, पाय पोचावेत म्हणून त्यांनी बैठक पार पुढं ओढून घट्ट करून ठेवली होती, आणि मी ही अशी ताडमाड. संजयनं खिडकीतून बघितलं. "अवघडलीस की. थांब, मागं सरकवून देतो."

"राहू दे," मी म्हटलं. "तू ढकल."

गाडी हलली. गुडघे पोटाशी घेऊन, चाक छातीशी धरून, मी तिला दाराबाहेर काढली...