सत्कारात गार पडलेले पाय

खेळाने माणूस घडतो, असे आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिले होते. निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला मेहरूणच्या मैदानावरची ती थंडीतली सकाळ आठवते. फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी खेळाच्या सरांनी ते तेल पायांना चोळायला लावून आमच्याकडून मांड्या-पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम करून घेतले होते. मग पाहुण्यांच्या सत्कारासाठी आम्हाला तासभर सावधानमध्ये उभे केले. "पोरं गार पडली, पाच मिनिटं व्यायाम करू द्या," सर म्हणाले. "हाई काय नाच शे का?" व्यायामाला नाच म्हणत संस्थेचे अध्यक्ष आबा अहिराणीत हसले, "पाहुण्यांना धुळ्याला जायचंय, सुरू करा." पहिल्याच धावेत आमच्या कर्णधाराच्या मांडीचा स्नायू फाटला आणि जिल्हा संघातली त्याची जागा गेली. मला आजही संताप येतो. सामना सुरू होण्याची शिट्टी वाजण्याआधीच पाहुणे निघून गेले होते.